पोट्ट्यांना आधी कॉलेज करू द्या, मग सेमिनरीत पाठवा: नागपुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना खुलं पत्र

आदरणीय बिशप साहेब, सगळे पाळकसाहेब, पास्टोरेट कमिटीचे मेंबर अन् तरुण संघातली मुलंमुली, सगळ्यांना जय ख्रिस्त.

हे पत्र ऑफिसात नेऊन दिलं असतं तर आवक नंबर पडला असता अन् फाईलीत गेलं असतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहून राहिले. मी कोणी मोठी बाई नाही, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची, आता रिटायर आहे, संडे स्कूल अजून सुटलेलं नाही. त्यामुळे ज्या पोरांबद्दल लिहिते त्यातल्या बऱ्याच जणांना मी पाळण्यापासून ओळखते, हे आधीच सांगून ठेवते.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे तेच होतं. गिटार चांगली वाजवणारा, आवाज बरा असलेला एखादा पोट्टा रविवारी उभा राहतो, मला पाचारण झालं, म्हणजे देवाने पाळकाच्या सेवेला बोलावलं, म्हणतो, आया डोळे पुसतात, मंडळी टाळ्या वाजवते, पुढच्या कमिटीत शिफारसपत्र लेटरहेडवर टाईप होतं, सही-शिक्का होतो अन् जून-जुलैत तो कुठल्यातरी बायबल कॉलेजच्या गाडीत बसतो. त्याला निकालात किती पडले, तो काय वाचतो, पेपर तरी वाचतो का, घरात कमावणारं कोण आहे, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर अविश्वासासारखं दिसतं नं! अन् खरं सांगू का, कधी कधी इंजिनीअरिंगला नंबर लागला नाही म्हणूनही पाचारण होऊन जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त प्रार्थनेच्या मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला सेवेत जायचं आहे त्याने आधी इथेच, नागपुरात, साध्या कॉलेजातून पदवी करावी, बी.ए. करा, बी.कॉम. करा, बी.एस्सी. करा, अन् मग सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, जावं. आणि उमेदवारांसाठी मंडळीचा जो फंड आहे त्याने या तीन वर्षांची फीसुद्धा भरावी, कारण ही तीन वर्षं तयारीचीच आहेत, तयारीच्या आधी वाया घालवलेली नाहीत.

आता लगेच कोणीतरी म्हणेल पेत्र कोळी होता, तो कुठे कॉलेजात गेला होता. बरोबर आहे, नव्हता गेला. पण पौल गमलिएलाच्या पायाशी बसून शिकला हेही त्याच पुस्तकात आहे, मोशे मिसरी लोकांची सगळी विद्या शिकला होता हे स्तेफनाच्या भाषणात आहे. अन् दानीएलाचा पहिला अध्याय आपण पोरांना शाकाहारासाठी अन् सिंहांच्या गोष्टीच्या तयारीसाठीच शिकवतो, पण त्यात काय लिहिलंय बघा, दानीएल अन् त्याच्या तीन मित्रांना बाबेलात खास्द्यांची भाषा अन् वाङ्मय शिकायला बसवलं, अन् ते किती वर्षं, तर तीन वर्षं. परक्या राजाचं कॉलेज, परके देव, परकी भाषा, नावंसुद्धा बदलून टाकलेली, अन् तरी पोरं शिकली, नुसती शिकली नाहीत तर पहिली आली. जेवणाच्या ताटात त्यांनी हट्ट धरला, पुस्तकांपाशी धरला नाही. मला तर हा अध्याय बी.ए.च्या ॲडमिशन फॉर्मला जोडून द्यावासा वाटतो.

दुसरं उदाहरण लोक देतात ते बंगालात आलेल्या इंग्रज मिशनरी विल्यम केरीचं. केरी चांभारकाम करायचा, कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी एवढं काम केलं असं म्हणतात. अहो, त्या माणसाने जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकून घेतली होती, आपल्या मराठीचं व्याकरण 1805 साली छापलं, 1810 ला मराठी कोश काढला, अन् ज्याला स्वतःला कॉलेज मिळालं नाही त्याने 1818 ला सेरामपूरला कॉलेजच काढलं, अन् ते नुसतं धर्मशिक्षणाचं नाही, सगळ्या जातीधर्माच्या पोरांना भाषा, साहित्य अन् विज्ञान शिकवायला. 1827 ला डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या द्यायचा अधिकार मिळवला. आज आपली पोरं ज्या बी.डी.साठी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) जातात ती सेरामपूरचीच पदवी आहे. तेव्हा केरीचं नाव घेऊन कॉलेज टाळू नका, तो माणूस तुमच्या बाजूचा नाही.

आणि आपल्या गावचा हिस्लॉप? ज्याच्या नावाच्या कॉलेजवरून आपण रोज जातो. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या युनिव्हर्सिट्यांमध्ये शिकून मग धर्मशिक्षण घेऊन इकडे आला, शाळा काढली, मराठी शिकला, गोंडांची गाणी अन् शब्द लिहून घेतले, दगडातले जीवाश्म गोळा केले, अन् 1863 साली टाकळघाटकडची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना पुरात बुडून गेला. मिशनरी दगड कशाला बघत बसला होता असं आजच्या आपल्या कमिटीने विचारलं असतं. पण गोंडांची जी गाणी त्याने टिपली ती तो गेल्यावर 1866 ला छापून आली, अन् आजही अभ्यासकांना लागतात. माणसांत खरोखर रस असल्याशिवाय हे होत नाही, अन् असा रस अठराव्या वर्षी चार भिंतींच्या आत एकाच प्रकारच्या पोरांसोबत राहून लागत नाही.

आता मी जे पाहिलं ते सांगते, नाव-गाव सांगणार नाही, विचारूही नका. एका घरी पोरगी कॉलेजात होती अन् खोलीबाहेर निघणं बंद झालं होतं, जेवण टाकलेलं, आंघोळ नाही, फोन बंद, आई-बाप घाबरून गेलेले. नवीन पाळक आला, कोवळा पोरगा, बारावीनंतर सरळ बायबल कॉलेज अन् तिथून सरळ मंडळी. मी स्वयंपाकघरात चहा ठेवून राहिली होती. त्याने तेल लावलं, मोठ्ठ्या आवाजात प्रार्थना केली, शेजारच्या बाया दारात जमल्या, अन् मग तो त्या आईला म्हणाला की घरात विश्वास कमी पडून राहिला, तीन दिवस उपास धरा. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी चहा दिला तर त्याच्या हातातली कपबशी वाजत होती, इतका तो स्वतःच घाबरला होता! मला त्याचा राग नाही आला, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं की नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध असतं, मेयोत ओपीडी आहे, मेडिकलला आहे, कोराडी रोडवर सरकारी मनोरुग्णालय आहे, अन् प्रार्थना करून त्या पोरीला तिकडे सोबत घेऊन जाणं हीसुद्धा पाळकाचीच सेवा आहे. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं असतं तर तो काही डॉक्टर झाला नसता, पण निदान ते वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नसतं. पोरगी आता बरी आहे, तिचा मामा घेऊन गेला होता डॉक्टरकडे.

नागपूरचं अजून एक आहे जे दुसऱ्या शहरात इतकं नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा घेतली, दीक्षाभूमी आपल्या घरापासून ऑटोने जाण्यासारखी आहे, आपले शेजारी, आपल्या पोरांचे मित्र, आपले कितीतरी नातेवाईक बौद्ध आहेत. धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवसात तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात ते कधी जाऊन बघा, अंगावर साधी साडी असलेली, खेड्यातून आलेली बाई पिशवीभर पुस्तकं घेऊन जाते. अशा वाचणाऱ्या समाजाच्या मध्ये आपला पाळक राहतो. त्याला कोणी मयतीच्या घरी बाहेर खुर्चीवर बसल्या बसल्या विचारतं की काय हो, तुमच्यात जात गेली का, मग लग्न जमवताना काय विचारता, तर तो एक वचन म्हणतो अन् गप्प बसतो. आपल्यातल्या गरीब घरच्या पोराने विचारलं की माझ्या बौद्ध मित्राला एससीची स्कॉलरशिप मिळते, मला का नाही, तर पाळकाला अनुसूचित जाती ठरवणारा 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश माहीत नसतो, त्यात पंजाबातल्या काही शीख जाती सोडल्या तर आधी फक्त हिंदू होते, 1956 ला सगळे शीख आले, 1990 ला बौद्ध आले अन् ख्रिस्ती अजून बाहेर आहेत, हे त्याला त्या पोराकडूनच कळतं. समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, यातलं काहीतरी शिकून या ना बाप्पा. माझं तर म्हणणं आहे की एखाद्याने पाली घ्यावी. आपल्या युनिव्हर्सिटीत पाली-प्राकृतचा विभागच आहे. एक प्राचीन भाषा व्याकरणासकट घासून काढली की पुढे ग्रीक-हिब्रू आली तरी घाम फुटत नाही, अन् शेजाऱ्याचं पुस्तक त्याच्याच भाषेत वाचलेला पाळक शेजाऱ्याशी वेगळा बोलतो.

बी.कॉम.वाल्यांना आपण सेवेच्या कामाचे समजतच नाही, मला तर तेच सगळ्यात जास्त पाहिजेत. कुठल्याही मंडळीत भांडण कशावरून होतं? देवशास्त्रावरून झालेलं मी तरी पाहिलं नाही. भांडण होतं कंपाउंडच्या जागेवरून, दुकानाच्या भाड्यावरून, हिशोबावरून. आपली बहुतेक प्रॉपर्टी ट्रस्टची, म्हणजे 1950 चा पब्लिक ट्रस्ट कायदा, म्हणजे चॅरिटी कमिशनर. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो दिला नाही म्हणून पुढे वर्षानुवर्षं कोण खरा विश्वस्त यावर केसेस चालतात. परदेशातून पैसा घ्यायचा तर एफसीआरए, अन् 2020 च्या दुरुस्तीनंतर त्याचं खातं दिल्लीला स्टेट बँकेच्या मेन ब्रँचलाच पाहिजे. हे सगळं पाळकाने स्वतः करावं असं नाही, पण ताळेबंद समोर आला की तो वाचता तर आला पाहिजे, नाहीतर होतं काय की कमिटीतला जो एक माणूस कागद समजतो तोच मंडळी चालवतो अन् पाळक नुसता आशीर्वाद द्यायला उरतो. एका वार्षिक सभेत मी ऑडिट रिपोर्टातल्या एका आकड्याबद्दल विचारलं तर अध्यक्ष म्हणून बसलेल्या पाळकाने तो कागद उलटा धरलेला होता. खोटं वाटत असेल तर राहू द्या.

मराठीचं तर मी बोलणारच, माझा विषय आहे. आपल्या पोरांचा संदेश ऐका, अर्धा युट्यूबवरच्या हिंदी प्रचारकाचा, अर्धा इंग्रजीचा तर्जुमा, मध्ये मध्ये हालेलुया. ना. वा. टिळक याच नागपुरात धनिक आप्पासाहेब बुटींकडे होते, इथून राजनांदगावला रेल्वेने जाताना त्यांच्या हातात नवा करार पडला, 1895 ला बाप्तिस्मा झाला, पुढे अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवलं. पण त्यांची गाणी आपण आजही म्हणतो ती कशाने टिकली? बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधीपासून तो माणूस संस्कृत शिकलेला होता, कवी होता, अभंग अन् ओवी त्याच्या कानात होती. सेमिनरीत जाऊन भाषा येत नाही हो, ती बरोबर न्यावी लागते. तीन वर्षं मराठी साहित्य घेतलेला पोरगा तुकाराम वाचेल, दलित आत्मकथनं वाचेल, विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घराच्या गोष्टी वाचेल, अन् मग स्तोत्रसंहितेवर बोलायला उभा राहील तेव्हा त्याच्याकडे स्वतःचे शब्द असतील. आणि इंग्रजीही पाहिजेच, कारण बीडीची बरीचशी पुस्तकं इंग्रजीत आहेत अन् मराठी मीडियमची आपली पोरं पहिलं वर्ष नुसती डिक्शनरीत घालवतात, काही तर लाजेने परत येतात अन् घरी सांगतात की तब्येत बिघडली.

मला माहीत आहे खरी भीती कोणती आहे. कॉलेजात गेला की पोरगा हातचा जाईल, पोरगी फिरवेल, नोकरीच्या मागे लागेल, पाचारण विसरून जाईल. जाऊ द्या ना! जे पाचारण सीताबर्डीवर तीन वर्षं फिरून टिकत नाही ते मेळघाटात धुळीच्या रस्त्यावर, तुटपुंज्या पगारावर, आजारी बायको घरात असताना काय टिकणार? अन् उलटं बघा. बारावीनंतर सरळ गेलेला पोरगा समजा बारा वर्षांनी म्हणाला की हे माझं काम नव्हतं, तर त्याने कुठे जावं? काही बायबल कॉलेजांची मान्यता फक्त एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची असते, शिक्षण चांगलं असेलही, मी नाव ठेवत नाही, पण बी.एड.ला किंवा स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मला ती पदवी चालत नाही, सरकारी दप्तरी तो बारावी पासच. मग तो राहतो, मन उडालेलं असलं तरी राहतो, अन् मंडळी त्याला सहन करते अन् तो मंडळीला. ज्याच्या हातात दुसरा मार्ग आहे अन् तरी तो या मार्गावर राहतो, त्याच्याकडून मी प्रभुभोजन आनंदाने घेईन.

पण मग तीन वर्षं पोराला मोकळं सोडून द्यायचं नाही, इथे जबाबदारी तुमची आहे पाळकसाहेब. महिन्यातून एक-दोनदा त्याला आपल्यासोबत भेटीला न्या, हॉस्पिटलात न्या, मयतीत न्या, चर्चासत्र-बिर्चासत्र नको. उन्हाळ्यात मेळघाटात नाहीतर गडचिरोलीकडे एखाद्या छोट्या मंडळीत ठेवा, कोरकू नाहीतर गोंडी ऐकू द्या. तो जे शिकून राहिला ते त्याला विचारा, चिडू नका तो डार्विनबद्दल बोलला तर. खेड्यातून आलेल्या पोराला सदरला नाहीतर मेकोसाबागला कोणाच्या तरी घरी खोली मिळवून द्या, कारण होस्टेलचा खर्च हाच मोठा असतो, फी त्यामानाने कमीच. कितीतरी घरात मुलं पुण्या-बंगळुरूला गेलेली अन् वरची खोली रिकामी आहे, मी नावं घेऊ शकते पण घेत नाही.

मुलींबद्दल एक गंमत सांगते. मुलगी म्हणाली मला सेवेत जायचं तर आपण तिला सांगतो, आधी ग्रॅज्युएशन कर बेटा, मग बघू. मनात असतं की तोवर लग्न होऊन जाईल. म्हणजे नकळत आपण मुलींना बरोबर रस्ता दाखवून राहिलो अन् मुलांना चुकीचा. दक्षिण भारताच्या मंडळीत (चर्च ऑफ साउथ इंडिया) 2013 ला बाई बिशप झाली, आपल्या उत्तर भारताच्या मंडळीतही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बायांना पाळकाची दीक्षा मिळते, तर त्या ग्रॅज्युएट पोरींची शिफारसपत्रं टाईप करायला आता हरकत नसावी.

वर्षं किती जातात म्हणाल, तर पदवीची तीन अन् पदवीवाल्याला बीडीची साधारण चार, म्हणजे सात. फार वाटतात? सेमिनरी हिल्सवर फिरायला जाता नं सकाळी, त्या टेकडीला नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं तिथल्या कॅथलिक पोरांना विचारा. त्यांच्या नियमात तत्त्वज्ञान अन् धर्मशास्त्र मिळून निदान सहा वर्षं लागतातच, तत्त्वज्ञान पुरी दोन वर्षं, अन् 25 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय फादर होता येत नाही. आपल्याकडे त्या वयाच्या पोराच्या हातात तीन गावं अन् एक कोर्टकेस दिलेली असते. प्रभू येशूने स्वतः सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, लूकने मुद्दाम लिहून ठेवलंय.

आणि हे नागपूर आहे म्हणून जास्त वाटतं. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली ती इथे, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला. सगळ्या देशाच्या चर्चेसची कौन्सिल, तिचं ऑफिस इथे सिव्हिल लाइन्सला. युनियन बिब्लिकल सेमिनरी आपल्या यवतमाळची, 1983 ला पुण्याला गेली, ते दुःख जुनं झालं, जाऊ द्या. पण कॉलेजं इथेच आहेत, युनिव्हर्सिटी 1923 पासून इथेच आहे, लायब्ऱ्या आहेत, नवीन धोरणात मेजर-मायनर असे विषय जोडून घ्यायची सोय आहे, म्हणजे एकाच पोराला मानसशास्त्र अन् मराठी दोन्ही करता येईल, कॉलेजात असेल तर.

तर पुढच्या पास्टोरेट कमिटीच्या अजेंड्यावर हा विषय घ्या ही विनंती. ठराव लहानसा आहे: उमेदवाराची सेमिनरीसाठी शिफारस पदवीनंतर करावी, उमेदवार फंडातून पदवीची फी अन् पुस्तकं द्यावी, दर सत्राला मार्कशीट बघावी. वय जास्त झालेले, घरची जबाबदारी असलेले, त्यांना सूट द्या, मुक्त विद्यापीठातून करू द्या, मी काही दगड नाही. कोणी अनुमोदन द्यायला नसेल तर मला बोलवा, मेंबर म्हणून मला सभेत बोलता येतं, मी मंडळीची घटना वाचली आहे. अन् ॲडमिशनचे फॉर्म निघाले की ज्या पोरापोरींना विषय कोणते घ्यायचे कळत नसेल त्यांना शनिवारी दुपारी माझ्याकडे पाठवा, मार्कशीटची झेरॉक्स अन् आई नाहीतर बाप सोबत आणायला सांगा.

आपली,
मंडळीतली एक रिटायर बाई, नागपूर